दुखत नसताना करायचा व्यायाम



गेल्या दोन अंकांत आपण लॅपटॉपसमोर बसून आखडलेली मान आणि पाठ यांबद्दल बोललो. त्यानंतर जे निरोप आले त्यांत एक प्रश्न वारंवार होता, आणि तो विचारणाऱ्या बहुतेक जणी पंचविशीच्या आतल्या होत्या. पाळीत पोट आणि कंबर फार दुखते, घरच्या घरी करता येईल असा काही व्यायाम आहे का? काहींनी प्रश्नाआधी 'विचारू की नको' असं लिहिलं होतं, काहींनी शेवटी 'नाव छापू नका' म्हणून बजावलं होतं. नाव छापणार नाहीच. प्रश्न मात्र छापायलाच हवा असं वाटलं, म्हणून आजचं सदर याच विषयावर.

उत्तर थोडक्यात असं: व्यायाम आहे आणि त्याचा उपयोगही होतो. मात्र तो दुखायला लागल्यावर आठवून चालत नाही. दुखत नसतं त्या तीन आठवड्यांत तो करायचा असतो.

मी डॉक्टर नाही. बी.ई. करून सॉफ्टवेअरमध्ये काम करते, करोंदच्या छोट्याशा फ्लॅटमध्ये राहते आणि पलंग आणि कपाट यांच्यामध्ये जेमतेम एक चटई मावते तेवढ्या जागेत व्यायाम करते. त्यामुळे इथे जे सांगते आहे ते तेवढ्या जागेत होण्यासारखंच आहे.

दुखतं ते का?

दर महिन्याला गर्भाशयाच्या आत एक मऊ अस्तर तयार होतं. गर्भ राहिला नाही की ते सुटतं आणि बाहेर टाकलं जातं. हे काम गर्भाशयाचा स्नायू आवळून करतो. आवळण्याचा हुकूम देणारी जी रसायनं त्या अस्तरातच तयार होतात त्यांना प्रोस्टाग्लँडिन म्हणतात. ती जास्त प्रमाणात तयार झाली की स्नायू फार जोरात आवळतो, त्याच्या रक्तवाहिन्याही आवळल्या जातात, स्नायूला प्राणवायू कमी पडतो आणि कळा येतात. हीच रसायनं रक्तात मिसळली की मळमळ, जुलाब, डोकेदुखी होते. पहिले एकदोन दिवस त्यांचं प्रमाण सगळ्यांत जास्त असतं, म्हणून दुखणंही तेव्हाच जास्त.

प्रोस्टाग्लँडिन हे नाव स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर यांनी १९३५ मध्ये दिलं. १९७१ मध्ये इंग्लंडच्या जॉन व्हेन यांनी दाखवलं की ॲस्पिरिनसारख्या गोळ्या हीच रसायनं तयार होऊ देत नाहीत. व्हेन यांना या कामासाठी १९८२ चं नोबेल दोन स्वीडिश शास्त्रज्ञांबरोबर मिळालं. हा इतिहास सांगण्याचं कारण असं, की त्याआधी कित्येक डॉक्टर या दुखण्याचं मूळ बाईच्या मनात शोधायचे. आपल्या घरांतून आजही ऐकू येतं, 'नाजूक आहे', 'नाटकं करते', 'आम्ही नाही का सहन केलं?' दुखण्यामागे मोजता येणारं रसायन आहे हे कळल्याला आता अर्धशतक उलटून गेलं. सहनशक्तीची परीक्षा घेण्याचं काही कारण उरलेलं नाही.

व्यायामाने काय होतं?

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात क्लेलिया मोशर नावाच्या एक डॉक्टर होत्या (१८६३–१९४०). त्यांनी शेकडो मुलींच्या पाळीच्या नोंदी ठेवल्या आणि निष्कर्ष काढला की घट्ट कपडे, बसून राहणं आणि 'आता दुखणार' ही भीती यांनी त्रास वाढतो. पोटाने श्वास घेण्याचा एक साधा व्यायाम त्यांनी मुलींना शिकवला, तो पुढे त्यांच्याच नावाने ओळखला गेला. १९४३ मध्ये हार्वे बिलिग या डॉक्टरांनी भिंतीशी उभं राहून कंबर ताणण्याचा व्यायाम सुचवला. पोटाखालच्या आखडलेल्या ऊतींमुळे नसा दाबल्या जातात अशी त्यांची कल्पना होती. ती कल्पना मागे पडली, पण त्यांचा ताण फिजिओथेरपीत अजूनही शिकवला जातो.

२०१९ मध्ये कॉक्रेन या संस्थेने तोवरच्या चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. त्यात १२ चाचण्या आणि ८५४ स्त्रिया होत्या. आठवड्यातून तीन किंवा जास्त वेळा, दर वेळी ४५ ते ६० मिनिटं व्यायाम केलेल्या गटांत, शून्य ते शंभर या मापावर वेदना सरासरी २५ अंकांनी कमी झाली. म्हणजे साठ दुखत असेल तर पस्तीसच्या आसपास. व्यायाम जोरकस होता की सावकाश, याने फार फरक पडला नाही. चाचण्या लहान होत्या आणि पुरावा पक्का म्हणता येणार नाही, हे त्या आढाव्यातच स्पष्ट लिहिलं आहे. तरी ज्या उपायाला पैसे पडत नाहीत, त्याच्यासाठी एवढा पुरावा आजमावून बघण्याइतका नक्कीच आहे.

असं का होतं, याची काही कारणं सांगितली जातात. ओटीपोटाकडचा रक्तप्रवाह सुधारतो, शरीर स्वतःची वेदनाशामक रसायनं सोडतं, ताण उतरतो. यांतलं काहीच एका दिवसात होत नाही. २०११ मध्ये इराणमधल्या एका अभ्यासात १८ ते २२ वयाच्या ९२ विद्यार्थिनी होत्या. त्यांतल्या ५० जणींनी भुजंगासन, मार्जारासन आणि मत्स्यासन अशी तीनच आसनं केली, आणि तीही पाळीच्या आधीच्या पंधरवड्यात. दुखणं मोजलं पाळीत. ते कमी झालेलं होतं आणि कमी दिवस टिकत होतं.

चटईवरचा क्रम

पाळी संपल्यावर सुरुवात करायची. सगळं मिळून वीसएक मिनिटं लागतात. जेवणानंतर निदान तीन तास गेलेले असावेत.

१. पोटाने श्वास. उताणं झोपा, गुडघे वाकवून पावलं जमिनीवर टेकवा. सलवारीची नाडी किंवा जीन्सचं बटण सैल करा. एक हात पोटावर ठेवा. श्वास घेताना हात वर यावा, सोडताना खाली जावा, छाती फारशी हलू नये. सावकाश दहा वेळा. हाच मोशरबाईंचा व्यायाम. तो सकाळी आणि रात्री अंथरुणातही करता येतो.

२. मार्जारासन. हात आणि गुडघ्यांवर या. श्वास घेत कंबर खाली, मान वर. श्वास सोडत पाठ मांजरासारखी कमानदार, हनुवटी छातीकडे. दहा वेळा.

३. भुजंगासन. पालथं झोपून तळवे छातीच्या बाजूला. बेंबीपर्यंतचा भाग जमिनीवर ठेवून छाती उचला. जोर पाठीचा, हातांचा फक्त आधार. पाच श्वास थांबा. तीन वेळा.

४. शशांकासन. वज्रासनात बसून पुढे वाका, कपाळ जमिनीवर, हात पुढे. कपाळ टेकत नसेल तर उशी घ्या. दहा श्वास.

५. मत्स्यासन, सोपं केलेलं. पद्मासनाची गरज नाही. पाय सरळ, पाठीखाली खांद्यांच्या पात्यांपाशी गुंडाळलेली चादर, डोक्याखाली पातळ उशी. छाती आपोआप उघडते. एक ते दोन मिनिटं. मानेचं दुखणं असलेल्यांनी हे वगळावं.

६. भिंतीचा ताण. भिंतीकडे एक कूस करून, हातभर अंतरावर, पावलं जुळवून उभ्या राहा. जवळच्या हाताचा कोपर ते तळवा भाग खांद्याच्या उंचीला भिंतीवर टेकवा. दुसरा हात कमरेच्या खोबणीत. पोट आत घ्या, गुडघे सरळ ठेवा आणि हाताने कंबर हळूहळू भिंतीकडे ढकला. ताण जाणवला की थांबा, परत या. दोन्ही बाजूंनी तीनतीन वेळा. हे ऑफिसच्या किंवा कॉलेजच्या कुठल्याही रिकाम्या भिंतीपाशी होतं.

हे झालं अंग मोकळं करणं. पण ४५ मिनिटं पूर्ण व्हायची तर घाम येईल असंही काहीतरी हवं. झपझप चालणं सगळ्यांत सोपं, असं आपण सहज म्हणतो. करोंदला राहणाऱ्यांनी बैरसिया रोडवर संध्याकाळी चालून बघावं. मंडीच्या ट्रॉल्या, मेट्रोचं काम, ई-रिक्षा, शिवाय अंधार पडल्यावर मुलीने एकटीने बाहेर जायचं की नाही यावर घरातली बैठक! म्हणून पर्याय सांगते. गच्चीवर फेऱ्या. दोरीच्या उड्या. जिन्याची चढउतार. आणि आपल्याकडे असलेला एक उत्तम प्रकार: मंगळागौरीचे खेळ. झिम्मा, फुगडी, बसफुगडी, पिंगा. ज्यांनी सलग अर्धा तास हे खेळलं आहे त्यांना वेगळं सांगायला नको. मांड्या, कंबर, पोट, दम, सगळ्यांचा कस लागतो. श्रावणातल्या कार्यक्रमासाठी आपल्या मंडळात सराव होतोच. तो वर्षभर, आठवड्यातून दोनदा, कुणाच्या तरी गच्चीवर ठेवला तर? आठवड्याचे तीन दिवस, पाऊण पाऊण तास, म्हणजे सव्वादोन तास होतात. एका सिनेमाएवढा वेळ.

प्रत्यक्ष पाळीच्या दिवसांत

त्या दिवसांत व्यायाम करावा की नाही, यावर घरोघरी मतं आहेत. बरं वाटत असेल तर चालणं, हलके ताण जरूर करावेत, त्याने काही बिघडत नाही. खूप दुखत असेल तर स्वतःशी झटापट नको. पुण्याच्या गीता अय्यंगार (१९४४–२०१८) यांनी स्त्रियांच्या योगाभ्यासावर आयुष्यभर काम केलं. त्यांच्या पद्धतीत पाळीत शीर्षासन, सर्वांगासन यांसारखी उलटी आसनं बंद ठेवतात आणि लोड, खुर्ची, चादरी यांच्या आधाराने विसावण्याची आसनं करतात. घरातला गोल तक्क्या मांडीवर घेऊन त्यावर पुढे वाकून पडणं, किंवा तळवे जुळवून गुडघे बाजूला सोडायचे आणि पाठीखाली तिरपा तक्क्या घेऊन पहुडणं, एवढंही पुरतं.

शेक जरूर घ्या. २००१ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका चाचणीत ओटीपोटावर सतत बांधलेल्या कोमट शेकाचा परिणाम आयब्युप्रोफेनच्या गोळीइतकाच दिसला होता. गरम पाण्याची पिशवी पंचात गुंडाळून ठेवा, कातडी भाजेल इतकी गरम नको.

गोळ्यांबद्दल दोन शब्द. आयब्युप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड या गोळ्या नेमकं प्रोस्टाग्लँडिनच अडवतात, त्यामुळे त्या घेणं म्हणजे कमकुवतपणा नाही. मात्र मैत्रिणीच्या पर्समधून घ्यायची ती गोष्ट नव्हे. मेफेनॅमिक ॲसिडमुळे क्वचित अंगावर पुरळ, ताप आणि आतल्या अवयवांवर परिणाम अशी गंभीर ॲलर्जी होऊ शकते, असा इशारा भारतीय औषधकोश आयोगाने २०२३ मध्ये दिला होता. दमा, पोटातला अल्सर, मूत्रपिंडाचा त्रास असेल तर अधिकच काळजी. कोणती गोळी, किती आणि केव्हा, हे एकदा डॉक्टरांना विचारून लिहून ठेवा.

वही ठेवा

आमच्या कामात कुठलीही सिस्टिम बिघडली की पहिला प्रश्न येतो, लॉग कुठे आहे? इथेही तेच करायचं. एक छोटी वही किंवा फोनमधलं साधं टिपण. पाळीची तारीख, पहिले तीन दिवस वेदना शून्य ते दहापैकी किती, गोळ्या किती घेतल्या, कॉलेज किंवा ऑफिस बुडलं का, आणि त्या महिन्यात व्यायाम किती दिवस झाला. बस, पाच रकाने.

तीन महिन्यांनी ही वही दोनपैकी एक गोष्ट सांगेल. आकडे उतरत असतील तर उत्तम, चालू ठेवा. उतरत नसतील तर व्यायाम आणखी वाढवत बसू नका, डॉक्टरांकडे जा. आणि पुढच्यांपैकी काही असेल तर तीन महिनेही थांबू नका: दर महिन्याला दुखणं वाढत जाणं, पाळी नसतानाही ओटीपोट दुखणं, शौच किंवा लघवीच्या वेळी कळा, तासाला एक पॅड बदलावं लागेल इतका रक्तस्राव, चक्कर येऊन पडणं, आधी न दुखणारी पाळी एकाएकी दुखू लागणं. यामागे एंडोमेट्रिओसिस असू शकतो, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रजननवयातल्या सुमारे दहा टक्के स्त्रियांना आणि मुलींना हा आजार असतो. तो व्यायामाने बरा होत नाही आणि 'लग्न झालं की थांबेल' असं म्हणून थांबतही नाही.

अविवाहित मुलींना तपासणीची भीती वाटते, म्हणून मुद्दाम सांगते. पहिल्या भेटीत डॉक्टर सहसा प्रश्न विचारतात आणि गरज पडली तर पोटावरून सोनोग्राफी सांगतात. सोबत वही न्या. 'खूप दुखतं' यापेक्षा 'तीन महिने सलग आठ, दोन दिवस कॉलेज बुडालं' हे डॉक्टरांच्या जास्त उपयोगाचं असतं.

न बोललेल्या दुखण्याचा हिशेब

आमच्या करोंदला गॅसपीडितांसाठी उभारलेलं भोपाळ मेमोरियल रुग्णालय आहे. युनियन कार्बाइडचा कारखानाही इथून फार दूर नाही. डिसेंबर १९८४ च्या त्या रात्रीनंतर सगळ्यांचं लक्ष डोळे आणि फुप्फुसांकडे होतं, आणि ते साहजिकही होतं. १९८५ मध्ये डॉ. राणी बंग आणि डॉ. मीरा सद्गोपाल यांनी गॅसग्रस्त वस्त्यांतल्या बायकांना वेगळे प्रश्न विचारले आणि तपासलं. पाळीच्या तक्रारी, अंगावरून जाणं, ओटीपोटाचे आजार यांचं मोठं प्रमाण त्यांना आढळलं. कुणी विचारेपर्यंत ते कुठल्याच कागदावर नव्हतं.

पुढे राणीताईंनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला आणि जगभर गाजला. त्यातले आकडे असे: आपणहून तक्रार सांगणाऱ्या ५५ टक्के. तपासल्यावर स्त्रीरोग निघालेल्या ९२ टक्के. आणि त्याआधी कधी तरी तपासणी व उपचार झालेल्या फक्त ८ टक्के. ५५ आणि ९२ यांच्यामध्ये ज्या बायका आहेत, त्या आपल्या आज्या आणि मावश्यांसारख्याच आहेत. त्रास आहे हे सांगायचं असतं, हेच त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

आपण शिकलेली, स्थिरावलेली कुटुंबं. तरी आपल्या घरात पाळीला किती टोपणनावं आहेत बघा. कावळा शिवला, बाहेरची झाली, अडचण आहे. भोपाळच्या पाण्याने त्यात हिंदीतलीही भर घातली. टोपणनाव असलं की दुखणंही कुजबुजतच सांगावं लागतं, आणि कुजबुजून सांगितलेल्या दुखण्यासाठी कुणी घरात पाऊण तास मोकळा करून देत नाही.

म्हणून शेवटची विनंती घरच्यांना. आईने मुलीला 'सहन कर' म्हणण्याऐवजी तिच्या शेजारी दुसरी चटई घालावी. बाबांनी आणि भावाने आठवड्यातले तीन दिवस संध्याकाळी हॉलमधला टीव्ही पाऊण तास बंद ठेवावा, म्हणजे चटईला जागा होईल. दहावी-बारावीच्या वर्षात 'आता व्यायाम कशाला, अभ्यास कर' असं म्हणण्याआधी दर महिन्याला बुडणारे दोन दिवस मोजून पाहावेत. गरम पाण्याची पिशवी भरून द्यायला कुणाचीच ना नसावी. ती भरता येण्यासाठी बाई असावं लागत नाही.

मैत्रिणींनो, तुमच्या पुढच्या पाळीची तारीख आजच वहीत लिहा. ती संपली की दुसऱ्या दिवसापासून चटई. तीन महिन्यांनी मला आकडे कळवा, वाढलेले असोत की उतरलेले. नाव न छापता त्यावर याच सदरात पुन्हा बोलू.